जॅझ वादकांची फुटबॉल टीम केली तर कोणाला कुठं खेळवाल?

प्रश्न वाचून लय आनंद झाला भाऊ, कारण फुटबॉल अन् जॅझ दोन्हीवर एकत्र बोलणारा माणूस आमच्या इकडं भेटत नाही. तुम्ही म्हणता का मित्रामित्रांत कल्पनेतली टीम बनवायची आहे, नावं सगळी जॅझवाल्यांची अन् नियम फँटसी फुटबॉलचे (आपल्या मनानं टीम लावायची अन् पॉइंट मोजायचे तो खेळ), म्हणजे १५ जणांचा स्क्वॉड, २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड, अन् एका क्लबचे तीनच्या वर घ्यायचे नाही, क्लबच्या जागी बँड धरायचा. तुम्ही सोबत तुमची टीम पण लिहिली, ट्रम्पेटवाले आर्मस्ट्राँग अन् माइल्स, सॅक्सोफोनवाले पार्कर, कोल्ट्रेन, रॉलिन्स, अन् मागं काय तं "कोणीही चालेल". तिथंच माझं तुमच्याशी जमत नाही. मी टीम मागूनच लावतो.

मी कामठीच्या पुढच्या एका खेड्यातला. कामठी म्हणजे छावणीचं गाव, तिथं फुटबॉल जुना आहे अन् त्याची हवा आजूबाजूच्या खेड्यांना पण लागली आहे. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मी पोट्ट्यांना खेळवतो, काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात अन् पावसात बूट चिखलातच राहून जाते. कोण कुठं खेळणार विचारलं का सगळ्यांचे हात वर, सर मी फॉरवर्ड, सर मी फॉरवर्ड. बॅकला कोणी जायला पाहत नाही. अन् ज्या दिवशी एखादा पोट्टा स्वतःहून राइट बॅकला जाऊन उभा राहते त्या दिवशी आम्ही मॅच जिंकलो नाही तरी हरत नाही, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

म्हणून माझं पहिलं नाव फ्रेडी ग्रीन, राइट बॅक. काउंट बेसीच्या बँडमध्ये हा १९३७ ला आला अन् १९८७ ला वारला तोवर त्याच बँडमध्ये राहिला, मधात १९८४ ला बेसी स्वतः गेले तरी यानं बँड सोडला नाही. गिटार वाजवायचा, अँप्लिफायर न लावता, अन् सोलो, म्हणजे एकट्यानं पुढं येऊन वाजवणं, जवळजवळ घेतलाच नाही. एका मात्रेला एक, असे चार ठोके, रात्रभर. तुम्ही बेसीचं कोणतंही जुनं रेकॉर्डिंग लावा अन् हेडफोन घालून ऐका, ट्रम्पेट ट्रॉम्बोन जोरात असतात तेव्हा गिटार सापडणार नाही, पण ते थांबले का खालून चक चक चक चक येते अन् तेव्हा समजते का हे पहिल्यापासून चालूच होतं, आपलंच लक्ष नव्हतं. तुकडोजी महाराजांची खंजेरी भजनं ऐकली असतील तं लवकर लक्षात येईल, बुवा चाल वर नेते तेव्हा मागचे टाळवाले जागचे हलत नाहीत म्हणून बुवाला वर जाता येते. राइट बॅकचं काम तेच आहे.

गोलमध्ये काउंट बेसी स्वतः. पियानोवर कमीत कमी सूर वाजवून पूर्ण बँड चालवणारा माणूस, एक टिंग वाजवलं का मागून पंधरा सोळा जण एकदम उठायचे. गोलकीपरला पूर्ण मैदान समोर दिसते, बॉल हातात आला का त्यानं नीट पाहून एक थ्रो टाकला तरी अटॅक सुरू होते, अन् राइट बॅकला तं तो इतक्या वर्षांपासून ओळखतो. बदली कीपर थेलोनियस मंक, कारण कधी हलायचं नाही हे त्याच्याइतकं कोणाला समजत नव्हतं, दोन सुरांच्या मधात जागा सोडायचा अन् ऐकणाऱ्याला वाटायचं आता येईल, आता येईल. पेनल्टीच्या वेळी असा कीपर पाहिजे.

लेफ्ट बॅक हॅरी कार्नी. बॅरिटोन सॅक्सोफोन म्हणजे जड वाद्य, १९२७ मध्ये १७ वर्षांचा असताना ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये आला अन् १९७४ मध्ये एलिंग्टन गेले तोवर तिथंच. गावोगावी कार्यक्रमाला जायचं तं एलिंग्टनला आपल्या गाडीत बसवून हाच चालवत न्यायचा. अशा माणसाला मी डोळे मिटून टीममध्ये घेतो.

सेंटर बॅक दोन, दोन्ही बासवाले, बास म्हणजे खालच्या सुराचं मोठं तारवाद्य. चार्ल्स मिंगस, धिप्पाड अन् तापट, वाजवता वाजवता मधातच ओरडून बाकीच्यांना ढकलणारा, डिफेन्समध्ये ओरडणारा एक तरी लागतेच. त्याच्या बाजूला पॉल चेंबर्स. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या काइंड ऑफ ब्लू या अल्बममध्ये पहिल्याच गाण्यात मुख्य धून ट्रम्पेट नाही वाजवत, चेंबर्सचा बास वाजवते अन् बाकीचे त्याला दोन सुरांनी उत्तर देतात. मागून बॉल पायात घेऊन पुढं येणारा डिफेंडर म्हणतात तो हाच. तेव्हा चेंबर्स २३ वर्षांचा होता अन् पुढं १९६९ मध्ये ३३ व्या वर्षी टीबीनं गेला, मला याचं फार वाईट वाटते.

पाचवा डिफेंडर जो जोन्स, बेसीचा ड्रमवाला. आता पहा, बेसी, ग्रीन अन् जोन्स, बेसी बँडचे तीन भरले, म्हणजे लेस्टर यंगसारखा सॅक्सवाला बाहेर राहते. तुमचे मित्र यावर भांडतील, भांडू द्या. मी डिफेंडर काढून फॉरवर्ड घेत नसतो, अन् फँटसीच्या पॉइंटमध्ये पण क्लीन शीटचे, म्हणजे एकही गोल न खाल्ल्याचे, डिफेंडरला ४ भेटतात, हे लोक विसरतात.

मिडफिल्डला सगळ्यात मागं आर्ट ब्लेकी, अन् कॅप्टन तोच. ड्रमवर त्याचा रोल, म्हणजे काड्यांचा सलग कडकडाट, सुरू झाला का सोलो घेणाऱ्याला पुढं जावंच लागायचं, थांबायची सोय नव्हती. अन् त्याच्या जॅझ मेसेंजर्स या बँडमधून किती पोरं तयार झाली, ली मॉर्गन, वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड, पुढं विंटन मार्सालिस. नवीन पोट्ट्यांना मोठं करून बँडच्या बाहेर पाठवायचं अन् पुन्हा नवीन घ्यायचे, हे त्यानं १९९० मध्ये वारेपर्यंत केलं. कॅप्टन म्हणून मला अजून काय पाहिजे.

त्याच्या पुढं माइल्स, जो पास द्यायच्या आधी थांबते, अन् मेरी लू विल्यम्स. हिचं नाव तुमच्या लिस्टमध्ये नव्हतंच. पियानो वाजवायची, पण अँडी कर्कच्या बँडसाठी, बेनी गुडमनसाठी, एलिंग्टनसाठी संगीत लिहून पण द्यायची, अन् १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये तिच्या घरी मंक, डिझी गिलेस्पी, पियानोवाला बड पॉवेल अशी तरुण मंडळी येऊन बसायची, नवीन चाली तिला दाखवायची. जुन्या पद्धतीचं अन् नवीन पद्धतीचं दोन्ही वाजवणारे फार कमी होते. मिडफिल्डमध्ये बॉल मागून घेऊन पुढं नेणारी खेळाडू हीच.

फॉरवर्ड तीन. डाव्या विंगवर सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर, उजव्या विंगवर ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी, यांच्याबद्दल तं जास्त सांगायची गरजच नाही, दोघं सोबत धून वाजवायचे तेव्हा इतक्या स्पीडमध्ये पण सूर वेगळे होत नव्हते. १५ मे १९५३ ला टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये हे दोघं, मिंगस, बड पॉवेल अन् ड्रमवाला मॅक्स रोच एकत्र वाजले, पार्करजवळ त्या दिवशी प्लास्टिकचा सॅक्सोफोन होता, अन् त्याच रात्री हेवीवेटची मोठी बॉक्सिंग मॅच असल्यामुळं हॉल अर्धवटच भरला. त्या कार्यक्रमाला क्लब धरला तं माझे तीन तिथंच भरले, म्हणून मॅक्स रोच नाही. एक सांगतो, पार्कर पोरगा असताना १९३६ मध्ये कॅन्सस सिटीत वाजवताना चुकला तं याच जो जोन्सनं झांज काढून त्याच्या पायापाशी फेकली होती. त्यानंतर त्यानं रियाज किती वाढवला ते सगळ्यांना माहीत आहे. आता दोघं एका टीममध्ये आहेत अन् मला ते बरं वाटते.

मधात लुई आर्मस्ट्राँग. आमचे मामा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, त्यांना मी मोबाईलवर १९२८ चं वेस्ट एंड ब्लूज ऐकवलं, सुरुवातीला नुसता एकट्याचा ट्रम्पेट आहे, ते संपल्यावर मामा म्हणे, "हा श्वास कुठं घेते बे? पुन्हा लाव." पेनल्टी हाच मारेल, कॉर्नर डिझी.

राहिले दोन बदली मिडफिल्डर. एक जँगो राइनहार्ट, १९२८ मध्ये राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली अन् उरलेल्या दोन बोटांनी सोलो वाजवून युरोपातला सगळ्यात मोठा जॅझ गिटारवाला झाला. दुसरा कोल्ट्रेन. हो, बेंचवर. माइल्स, चेंबर्स अन् तो मिळून त्या बँडचे तीन झाले, म्हणून तिथल्या पियानोवाल्या बिल इव्हान्सला पण जागा नाही. पण कोल्ट्रेनला मी शेवटची वीस मिनिटं उतरवणार, समोरचे थकलेले असताना न थांबता वाजवणारा हा माणूस आला तं कोण अडवेल.

कोच एलिंग्टन, कोच बँडच्या मोजणीत धरू नका. तो "दुसरा ट्रम्पेट", "तिसरा सॅक्स" असं समजून लिहीत नव्हता, कोणता माणूस वाजवणार आहे, त्याचा आवाज कसा आहे ते पाहून लिहायचा. १९६३ मध्ये बँड घेऊन भारतात आला होता, दिल्लीत आजारी पडला तरी त्याच्याविना कार्यक्रम झाले. मैदानात कोच नसला तरी टीम खेळते, एवढं त्यानं करून ठेवलं होतं.

अन् एक ट्रान्सफर, म्हणजे एक खेळाडू काढून दुसरा घ्यायचा. फँटसीत दर आठवड्याला एक फ्री भेटते, आर्मस्ट्राँगच्या पायाला लागलं तं मी चिक चॉकलेटला आणणार. गोव्याचा ट्रम्पेटवाला, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईत ताजमध्ये वाजवायचा अन् लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. आपल्या सी. रामचंद्रांसोबत त्यानं काम केलं, १९५१ च्या अलबेलामध्ये त्याचा बँड पडद्यावर पण दिसते. तो तुमच्या लिस्टमध्ये नसेल तं आजच टाका, दुसऱ्या कोणी घ्यायच्या आधी.