कपाशीला ‘चमत्कार’ मारावं का? आणि पानं गाळून एकदाच वेचणी होईल का?

तुम्ही विचारलंय की कपाशी कमरेच्या वर गेली, पाला जास्त नि पाते (फुलाच्या कळ्या) कमी, तर ‘चमत्कार’ हे वाढ रोखणारं औषध फवारावं का. आणि अमेरिकेसारखी पानं गाळून सगळा कापूस एकाच वेचणीत काढता येईल का. वर्धा जिल्ह्यात काळ्या जमिनीत बरीच वर्षं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, घेतोय, त्या अनुभवावरून सांगतो. पहिल्याचं उत्तर ‘शेत बघून’. दुसऱ्याचं सरळ ‘नाही’.

चमत्कार म्हणजे मेपिक्वॅट क्लोराइड ५ टक्के. झाडात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होतं, त्यानं पेरं लांबतात. हे औषध त्यालाच आवर घालतं. नवीन पेरं आखूड पडतात, पानं काळसर हिरवी होतात, शेतात हवा खेळते. मात्र वाढून बसलेली उंची काही खाली येत नाही. म्हणून फवारणीची वेळ असते ती पाते धरताना, पीक साधारण ४५ दिवसांचं असताना, आणि पुढे १५-२० दिवसांनी गरज वाटली तर दुसरी फवारणी. तुम्ही थोडे उशिरा आहात, तरी शेंडा अजून धावत असेल आणि जमिनीत ओल असेल तर एक फवारणी वाया जाणार नाही. ९० बाय १५ सेंटिमीटरवर दाट लागवड केलेल्यांना तर याच्याशिवाय गत्यंतरच नाही. हलकी जमीन, पावसाचा खंड, मान टाकलेली झाडं असं असेल तर मात्र हातही लावू नका. झाड आधीच खुंटलेलं असतं.

उंची आवरण्याचं आणखी एक कारण आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. त्या वर्षी कित्येक शेतांत कपाशी डोक्याच्या वर होती. अशा रानात शिरून फवारलं की औषध तोंडावरच येतं.

आणि कृपा करून एकाच पंपात सगळं कालवू नका. वाढीचं टॉनिक आणि वाढ रोखणारं औषध एकत्र मारणारे मी पाहिलेत. म्हणजे घोड्याला टाचही मारायची आणि लगामही ओढायचा! पातेगळीसाठी प्लॅनोफिक्स मारतात, ते आणखी वेगळं. ते ऑक्सिन, म्हणजे आणखी एक वाढ-संप्रेरक, आहे, पात्याचा देठ सुटू नये म्हणून. तणनाशकातलं टू-फोर-डी हेही त्याच कुळातलं. एकदा बांधावर ते मारलेला पंप मी नुसता विसळून कपाशीत नेला. आठवड्यात पानं भेंडीच्या पानासारखी चिरली. चूक सर्वस्वी माझी.

आता पानगळ. तिकडे अमेरिकेत कापूस यंत्रानं काढतात. हिरवं पान यंत्रात चिरडलं तर रुईला डाग पडतो, म्हणून साधारण ६० टक्के बोंडं फुटली की थिडियाझुरॉन हे पानं गाळणारं औषध मारतात. त्यानं झाडात इथिलीन हे पानगळ घडवणारं संप्रेरक वाढतं, देठाच्या बुडाशी पेशींचा थर सुटतो आणि पान हिरवं असतानाच गळतं. बोंडं लवकर फुटावीत म्हणून सोबत इथेफॉन हे दुसरं औषध असतं. मात्रा जास्त झाली तर पान गळायच्या आधीच वाळतं आणि फांदीलाच चिकटून राहतं.

आपलं संकरित झाड ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं फुटत जातं, तीन-चार वेचण्या देतं. मध्येच पानं गाळली तर वरच्या कच्च्या बोंडांना अन्न कुठून मिळणार? त्यांची कवडी होईल, म्हणजे बोंड नीट न फुटता कापूस आतच घट्ट राहील. वेचणाऱ्या बायांना पानांची अडचणही नसते. वेचणीची मजुरी परवडत नाही हे खरं दुखणं आहे, मला कळतं. त्यासाठी पुढच्या वर्षी कमी दिवसांचं, एकदम फुटणारं वाण बघा, म्हणजे फरदड (हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक) न ठेवता डिसेंबरात रान मोकळं होईल आणि गुलाबी बोंडअळीलाही पुढे खायला उरणार नाही.

कुणी पॅराक्वाट हे तणनाशक मारून झाड वाळवायला सांगेल, त्याचं ऐकू नका. वाळलेल्या पानांचा चुरा कापसात जातो आणि व्यापारी भाव पाडतो. शिवाय पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

पेरणीची तारीख आणि जमीन कशी आहे ते सांगा, म्हणजे फवारणीचं नक्की सांगता येईल.