वाचक विचारतात : पिक्चरच्या आधीचं भाषण ऐकायचं का कापायचं?

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या गावात वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही पोरं मिळून अधूनमधून जुने पिक्चर प्रोजेक्टरवर लावतो. ह्यावेळी 'द क्रेन्स आर फ्लाइंग' हा रशियन पिक्चर ठरलाय. आमच्या कॉपीत आधी एक वयस्कर रशियन डायरेक्टर बराच वेळ बोलतात, सिनेमा किती मोठा, आमच्या देशाची शान वगैरे. निम्मी पोरं म्हणतात कापा, लोक उठून जातील. मास्तर म्हणतात मोठा माणूस बोलतोय तर ऐकून घ्यायला काय जातंय. काय करू? आणि सबटायटल इंग्लिश हायत, त्याचं काय?
- एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : कापू नका, पण आधीही लावू नका. पिक्चर संपल्यावर लावा, ज्याला ऐकायचंय तो बसेल, ज्याची शेवटची बस आहे तो जाईल. आधी बोलणाऱ्या जाणकारांची खोड अशी की बोलता बोलता गोष्ट पण सांगून टाकतात, मग बघणाऱ्याला काय उरलं?

म्हणून मी पण गोष्ट सांगत नाही, सुरुवातीचा एकच सीन सांगतो. बोरिस लढाईवर चाललाय आणि वेरोनिका त्याला गाठायला बसमधनं निघालीय. गर्दीत बस अडकते तशी ती खाली उतरते, आणि कॅमेरा पण तिच्या मागोमाग उतरतो, माणसांना ढकलत जातो, आणि ती रणगाड्यांच्या मधनं पळायला लागते तोवर हाच कॅमेरा पार वर गेलेला असतो, मध्ये कट नाही. कॅमेरामन उरुसेव्स्कीनं कॅमेरा हातात धरून हे सुरू केलं आणि तसाच क्रेनवर चढला. १९५७ सालची गोष्ट आहे ही, स्टेडीकॅम, म्हणजे चालता-पळता कॅमेरा स्थिर ठेवणारं अंगावरचं यंत्र, यायला अजून जवळपास वीस वर्षं होती. हा माणूस महायुद्धात आघाडीवर शूटिंग करून आलेला, त्यामुळं हात पळापळीला सरावलेला असणार असं मला आपलं वाटतं. तुमचे ते डायरेक्टर असल्या शॉटवर बोलत असतील तर कान देऊन ऐका, स्वतः सेटवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्यात जे दिसतं ते तुमच्या माझ्या बापजन्मी दिसायचं नाही.

पण 'आमच्या देशाची शान' आलं की जरा जपून. ह्या पिक्चरचा डायरेक्टर कालातोझोव्ह जन्मानं आज वेगळा देश असलेल्या जॉर्जियातला, तिबिलिसीचा. पिक्चर सोव्हिएत होता, आज बोलणारा रशियन आहे, ह्या दोन्हीत फरक आहे. आपल्या भागात हे समजावून सांगायला नको, बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांना आपलं कोण कोण म्हणतं ते बघा की. शिवाय बोलणारा कोण ते पण बघायचं. उदाहरण म्हणून, मॉस्कोतल्या मॉसफिल्म स्टुडिओचे १९९८ पासूनचे प्रमुख कारेन शाखनाझारोव्ह हे स्वतः डायरेक्टरच, आणि हा पिक्चर मॉसफिल्मचाच. असा माणूस बोलतो तेव्हा कलाकार किती बोलतोय आणि दुकानदार किती, हे ऐकणाऱ्यानंच निवडून घ्यायचं. आणि गंमत म्हणजे पिक्चर शानबिन मिरवणारा नाहीच. १९५३ ला स्टालिन गेला, १९५६ ला त्याच्यानंतरचा नेता ख्रुश्चेव्हनं पार्टीच्या अधिवेशनात त्याच्यावर झोड उठवली, आणि लगेच पुढच्या वर्षी हा आला. त्याआधीच्या कितीतरी युद्धपटांत झेंडा आणि जनरल पुढं, इथं एक पोरगी पुढं, ती पण चुकणारी, पिक्चर कुठं तिला देवी करत नाही. १९५८ ला फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. मास्तरांना सांगा, ही दोन वाक्यं त्यांनीच आधी मराठीत बोलावीत, बास.

सबटायटलचं म्हणाल तर सगळी वाचून दाखवायच्या नादी लागू नका, कटकट होते. नावं आधी सांगून ठेवा : वेरोनिका, बोरिस, बोरिसचे डॉक्टर वडील, चुलतभाऊ मार्क. बोरिस तिला लाडानं खार म्हणतो हे पण सांगा, नाहीतर पुढं खेळण्यातली खार आली की शेजारचा शेजारच्याला विचारत बसणार. बाकी एक जण बाजूला बसवा, मोजकी वाक्यं मराठीत सांगायला. दीड तासाचा पिक्चर आहे आणि बोलण्यापेक्षा चेहऱ्यांवर जास्त चालतो. आणि हॉलमध्ये लोक जमवून दाखवताय तर हक्क कुणाकडं आहेत ते बघून परवानगी मागा, आम्ही गावातली पोरं म्हणून कायदा सोडत नाही.

प्रश्न : सर, मी रशियन पिक्चर बघायला बसलो की आई म्हणते, त्यांचा आपला काय संबंध? काय सांगू?
- निपाणी

उत्तर : आईंना 'परदेसी' दाखवा. १९५७ चाच, मॉसफिल्मनं आपल्याकडचे डायरेक्टर ख्वाजा अहमद अब्बास यांच्या नया संसार ह्या कंपनीबरोबर मिळून काढलेला. गोष्ट अफानासी निकितीन ह्या रशियन व्यापाऱ्याची, जो पंधराव्या शतकात आपल्या कोकणात चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढला आणि पुढं बिदरला गेला, म्हणजे आजचा महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही फिरला, तेही सीमेचा वाद नसताना. नर्गिस आणि बलराज साहनी आहेत म्हणून सांगा, आई तुमच्या आधी येऊन बसतील.