आवाज फुटला, पण ‘ताई’ काही सुटेना

जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली, पण जे पुरुष आहेत, अशा वाचकांची पत्रं या वेळी इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले. पत्रं थोडक्यात देत आहोत.

टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) सुरू होऊन ५ महिने झाले. आवाज घोगरा झालाय, दाढी नाही. दुकानदार लांबून ‘दादा’ म्हणतो आणि मी तोंड उघडलं की ‘सॉरी ताई’. फोनवर तर कायम ‘मॅडम’. काय चुकतंय? (पुणे, वय २५)

चुकत काही नाही, ५ महिने म्हणजे अजून सुरुवातच. आवाज पहिल्या ६ महिन्यांत उतरायला लागतो आणि स्थिर व्हायला १ ते २ वर्षं घेतो. दाढीची सुरुवात ६ महिने ते वर्षभरात होते, पण ती गालभर दाट व्हायला ४-५ वर्षंही लागतात. घाई म्हणून डोस वाढवू नका, जिममधल्या कुणाकडून तर नाहीच. जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्री संप्रेरकात, बदलतं आणि रक्त दाट होतं. म्हणूनच पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी रक्ततपासणी करायची असते. त्यात हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा थांबवतात.

आता फोन. साध्या फोन लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचाच पट्टा जातो. पुरुषी आवाजाचा पाया १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे कमावलेला खर्ज पलीकडे फारसा पोचतच नाही. ऐकणारा मग चढउतारावरून आणि शब्दांवरून ठरवतो. वाक्याचा शेवट वर नेण्याची सवय असेल तर तो खाली आणा. मात्र गळा दाबून जाड आवाज काढू नका, तासाभरात घसा दुखतो आणि सोंग कळतंही. ओठ मिटून, छातीत कंप जाणवेल असं ५ मिनिटं गुणगुणा आणि त्याच जागेवरून बोलायला लागा. गिळताना दुखत असेल किंवा आवाज पूर्ण बसून ३ आठवडे झाले असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

खरी चुगली करतं ते मराठी क्रियापद. ‘मी आले’ म्हटलं की पलीकडचा तिथेच ‘बाई’ ठरवून मोकळा. वीस वर्षांची सवय घाईत तोंडातून निसटतेच, म्हणून सराव मोठ्याने करायचा. आलो, गेलो, बसलो, म्हणालो, विसरलो, जेवलो. काही क्रियापदं फसवी असतात. ‘मी चहा घेतला’मध्ये क्रियापद चहाच्या मागे जातं, बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. ‘मी चहा प्यायलो’मध्ये मात्र लगेच कळतं. तसंच ‘शिकलो’ आणि ‘भेटलो’.

ऑफिसात अजून सांगितलेलं नसेल तर याचाच उपयोग होतो. ‘मी मेल पाठवला’, ‘मला जायचंय’, ‘मी बघीन’, ‘आम्ही निघतो’ यांत ना ‘ती’ आहे ना ‘तो’. दिवसभर असं बोलणं दमवतं, तेव्हा ते फक्त नाजूक जागांपुरतं ठेवा. (कोल्हापूरकरांना हा प्रश्नच कमी. तिथल्या कित्येक बायका ‘मी येतो’च म्हणतात.)

माझं मूल २२ वर्षांचं. ‘तो’ म्हणायला लागले, पण ‘अगं’ तोंडातून जातंच. सासूबाई तर ऐकतच नाहीत. (सातारा)

‘तो’ सोपा, कारण तो मुलाच्या मागे बोलताना लागतो. समोरासमोर अडतं ते अगं-अरे, गं-रे आणि ‘आलीस-आलास’पाशी. गंमत म्हणजे लाडात आलेली मराठी आई मुलीलाही ‘अरे राजा, ये रे’ म्हणतेच. तिथूनच सुरुवात करा, जीभ आधीच वळलेली आहे. तो घरात नसताना त्याच्याबद्दल बोला. शेजारणीशी किंवा बहिणीशी २-३ वाक्यं रोज, म्हणजे चुकलं तरी त्याला ऐकावं लागत नाही. समोर चुकलं तर ‘आलीस… आलास का, चहा टाकते’ इतकंच. डोळे पुसत माफी मागितली की तुमचं सांत्वन करायचं कामही त्याच्याच गळ्यात पडतं.

सासूबाईंना व्याख्यान नको. त्याचं नवं नाव, नाहीतर घरातलं ‘बाळ्या’, ‘सोन्या’सारखं एखादं नाव त्यांच्या कानावर सतत पडू द्या. घरातल्या लहान पोरांना सरळ ‘हा काका’ सांगा. ती दोन दिवसांत शिकतात आणि मग आजीलाच दुरुस्त करतात. आणि एक गोष्ट त्यालाच विचारून ठरवा, कुठे काय म्हणायचं ते. एसटी स्टँडवर दाढी फुटलेल्या मुलाला ‘ताई’ अशी हाक मारणं म्हणजे चारचौघांत त्याचं गुपित फोडणं. उलट, ज्या नातेवाइकांना त्याने सांगितलेलं नाही त्यांच्यासमोर ‘दादा’ म्हणणंही त्याच्या परवानगीशिवाय नको.

सकाळी ७ ते रात्री ८ बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) असतो. डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत श्वास अडकतो, बरगडी दुखते. आणि लेडीज डब्यात आता बायका अंगावर येतात. कुठे चढू? (वय २६)

आधी बरगडी. बाइंडर जास्तीत जास्त ८ तास. झोपताना नाही, व्यायामात नाही, ताप-खोकल्यात नाही. क्रेप बँडेज तर कधीच नाही, कारण श्वास सोडला की ते आवळतं आणि पुढच्या श्वासाला सैल होत नाही. एकावर एक दोन बाइंडरही नकोत. माप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून घ्यायचं आणि दोन मापांच्या मध्ये आलात तर मोठं घ्यायचं. आत पातळ सुती बनियन घाला, नाहीतर आपल्या दमट हवेत त्वचेच्या घडीत बुरशी येते. काढल्यावर खोल श्वास घेऊन दोनदा खोका. खोल श्वास घेताना टोचत असेल, हाताला मुंग्या येत असतील तर दुखणं थांबेपर्यंत बंद आणि डॉक्टरांकडे.

तुमचे १३ तास ८ वर आणायचे तर प्रवासातले काढा. मुंबईच्या लोकलमध्ये प्रत्येक जण सॅक पुढे अडकवतो, हे तुमच्या सोयीचं आहे. स्पोर्ट्‌स ब्रा, वर जाड सुती शर्ट आणि पुढे सॅक. बाइंडर ऑफिसच्या स्वच्छतागृहात चढवा, निघताना काढा. सॅक पुढे असली की गर्दीचा दाबही आधी तिच्यावर येतो.

डब्याचं म्हणाल तर आठवड्यात दोन-तीनदा हटकलं जायला लागलं की जनरलमध्ये जायची वेळ झाली. रेल्वे कायद्याच्या कलम १६२ खाली बायकांच्या डब्यातून पुरुषाला उतरवता येतं, दंडही होतो आणि फलाटावरचा पोलीस आधी चेहराच बघतो. पहिले काही दिवस गर्दी ओसरल्यावरची धीमी गाडी पकडा, शक्यतो मित्राबरोबर. दारात न थांबता आत सरका. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे फोनमध्ये.

२८ वर्षांचा आहे, पण सगळे ‘कितवीला आहेस’ विचारतात. (नागपूर)

दाढी येईपर्यंत हे चालणार. सलूनमध्ये नुसतं ‘बारीक करा’ म्हणू नका. बाजूला २ नंबर मशीन (साधारण ६ मिमी), कल्ले टोकदार नकोत, आडवे सरळ, आणि मानेवरची रेघ चौकोनी असं सांगा. शर्टाची खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. खाली उतरली की पोरगा बापाचा शर्ट घालून आल्यासारखा दिसतो. कंबरेत टक नको, कापड अंगाला चिकटणारं नको, पँट सरळ पायाची.

ऑफिसातल्या पुरुषांनी मला आपल्यात घेतलं, आणि आता मुलींबद्दलचे घाणेरडे जोक माझ्यासमोर होतात. हसलो नाही तर संशय येईल का? (ठाणे)

नाही येणार. न हसणारे पुरुष प्रत्येक ऑफिसात असतात आणि त्यांना कुणी बाई समजत नाही. ‘बस कर यार’ म्हणून विषय क्रिकेटवर न्या किंवा चहाला उठा. लांबलचक समज दिलीत तर मात्र सगळे तुमच्याकडेच बघत बसतील. शिव्या आणि आरडाओरडा करून पुरुषपण पटवणारे नवखे चटकन ओळखू येतात, कारण ते जास्तच करतात.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. रात्री सामसूम रस्त्यावर पुढे चालणारी बाई आता तुमच्या पावलांना घाबरते. पहिल्यांदा याचा धक्का बसतो, काहींना छान वाटतं आणि छान वाटल्याची लाजही वाटते. अशा वेळी पलीकडच्या फुटपाथवर जा, किंवा दोन मिनिटं थांबून तिला पुढे जाऊ द्या.