संधिवात, आमवात आणि नुसता 'वात'

प्रश्न असा आहे : आईच्या कागदावर डॉक्टरांनी 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' लिहिलंय, घरात सगळे 'संधिवात' म्हणतात आणि वर्तमानपत्रात त्यालाच 'आमवात' म्हटलेलं दिसतं. बरोबर काय? आणि 'संधि'ची वेलांटी पहिली की दुसरी?

वेलांटीचं आधी उरकतो. एकटा शब्द 'संधी', पण समासात तत्सम शब्दाचा मूळचा ऱ्हस्व टिकतो. म्हणून संधिप्रकाश, संधिकाल, तसाच संधिवात.

आता नावं. संधिवात हे कुळाचं नाव, आमवात त्या कुळातला एक. म्हणजे घरचेही चुकत नाहीत, पण आईच्या आजाराला 'आमवात' हाच नेमका शब्द. म्हातारपणी गुडघ्यातली कूर्चा झिजते तोही संधिवातच, पण तो आमवात नव्हे. पायाचा अंगठा सुजवणारा गाउट आणखी वेगळा. त्याच्याशी जुळणारं आयुर्वेदातलं नाव वातरक्त. चरकसंहितेत त्याला 'आढ्यवात'ही म्हटलंय. आढ्य म्हणजे धनिक. खाऊनपिऊन सुखी माणसाचं दुखणं!

'आमवात'मधल्या 'आम'चा आंब्याशी संबंध नाही, तो आम्र. हा आम म्हणजे कच्चं, न पचलेलं. आमांशातला आम तोच, आणि 'आव पडणे' मधली आवही त्याचीच लेक. अन्न नीट न पचता उरलेला आम सांध्यांत जाऊन बसतो, ही जुनी कल्पना. माधवनिदान या रोगनिदानावरच्या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात आमवातावर वेगळं प्रकरणच आहे. आजचं वैद्यक कारण निराळं सांगतं : शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते.

आपली खरी पंचाईत नुसत्या 'वात'ने केली आहे. पोटरीत गोळा आला तरी 'वात आला', तापात माणूस बरळू लागला तरी 'वात झाला', आणि पोरांनी भंडावलं की 'वात आणला नुसता'. (समईतली वात स्त्रीलिंगी, ती 'वर्ति'पासून आली, तिचं घराणं वेगळं.) इतकं सगळं एका शब्दात कोंबलं की दुखणं ओळखू येत नाही.

माझ्या मावशीचं हेच झालं. सकाळी उठल्यावर तासभर तिची मूठ वळत नसे. लाटणं दोन तळव्यांत दाबून पोळ्या लाटायची. बोटांची पेरं दोन्ही हातांना सारखीच सुजलेली. घरात एकच निदान : "वातच तो, वय झालं." वय होतं एक्केचाळीस. दोन वर्षं निर्गुडीचा शेक आणि महानारायण तेल चाललं, तोवर बोटं वाकडी झाली होती. झिजेचा ताठरपणा सकाळी थोडं हिंडलं-फिरलं की बहुधा अर्ध्या तासात सुटतो. आमवाताचा तासतासभर राहतो. एवढा फरक सांगणारा शब्द भाषेत तयार असताना तो आमच्या घरात कुणाच्या तोंडी नव्हता.

तेव्हा आईच्या बाबतीत विचारणाऱ्याला 'आमवात' असंच सांगा.