विमानातलं बोलणं क्यूपीएसके कसं झालं?

प्रश्न : सर, मी बीएस्सीला आहे, गाव दारव्हा तालुक्यात. स्लॅबवर अँटेना लावून आरटीएल-एसडीआर डोंगलनं (संगणकाला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) सिग्नल पकडतो. मॉड्युलेशन (रेडिओलहरीवर माहिती चढवायची पद्धत) आपोआप ओळखायला रेडिओएमएल 2016 या तयार सिग्नलसंग्रहाच्या डेटावर न्यूरल नेटवर्क शिकवलं. त्या डेटावर ते बरं चालते, पण माझा सिग्नल दिला की वैमानिकांच्या बोलण्याला क्यूपीएसके (डिजिटल माहिती पाठवायचं मॉड्युलेशन) म्हणते. रात्री रिकाम्या फ्रिक्वेन्सीवरही त्याला काही ना काही सापडतेच. काहून होत असन?

उत्तर : नेटवर्कला शिव्या देण्याआधी एक भागाकार कर. डोंगल सेकंदाला 24 लाख सॅम्पल (सिग्नलची मोजमापं) देतो असं धरू. तुझं नेटवर्क एका वेळी 128 सॅम्पल पाहतं, म्हणजे जेमतेम 53 मायक्रोसेकंद. माणसाच्या आवाजातल्या 1000 हर्ट्झच्या एका आवर्तनाला 1000 मायक्रोसेकंद लागतात. वैमानिकाच्या तोंडून अजून 'न' निघाला नाही, तोवर तुझा निकाल तयार! एवढ्या तुकड्यात नुसता कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) दिसतो. तो एएमचा (आवाजानं लहरीची उंची बदलते) की एफएमचा (आवाजानं फ्रिक्वेन्सी बदलते), हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्या डेटातसुद्धा बोलणं थांबलं की वाइडबँड एफएम आणि एएम यांची गल्लत होते, ती याच कारणानं.

विमानाच्या बँडवर (118 ते 137 मेगाहर्ट्झ) बोलणं एएमवर चालतं. तिथे सॅम्पल रेट शंभरपट कमी करून 24 हजारांवर आण. पण शंभरातला एक सॅम्पल नुसता उचलू नकोस. आधी लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारी गाळणी) लाव, नाहीतर शेजारची चॅनलं आत घुसतात. डिजिटल सिग्नलसाठी हिशेब वेगळा. त्या डेटात एका सिंबॉलला (एका वेळी पाठवलेल्या डिजिटल खुणेला) 8 सॅम्पल आहेत, तेव्हा तुझा सिग्नलही त्याच मापात बसव.

मला विचारशील तर नेटवर्क थोडे दिवस बाजूलाच ठेव. आय आणि क्यू (डोंगल प्रत्येक सॅम्पलला देतो ते दोन आकडे) यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढ आणि त्याचा आलेख पाहा. एफएममध्ये रेघ जवळपास सपाट राहते, एएममध्ये बोलण्याबरोबर खालीवर होते. बीपीएसके (क्यूपीएसकेचा साधा भाऊ) सिग्नलचा वर्ग केला की स्पेक्ट्रममध्ये (फ्रिक्वेन्सीनुसार ताकदीच्या आलेखात) टोकदार रेघ उभी राहते. क्यूपीएसकेला चौथा घात लागतो. डोंगलचा क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) थोडा सरकलेला असला तरी ही युक्ती चालते, रेघ फक्त जागा बदलते. क्यूएएम या आणखी गुंतागुंतीच्या मॉड्युलेशनच्या नादी एवढ्यात लागू नकोस.

(मोबाइलला ही डोकेदुखी नसते. 4जीमध्ये कोणतं मॉड्युलेशन येतंय ते टॉवर कंट्रोल चॅनलवर आधीच सांगतो.)

आता रात्रीचं. जवळच्या वावरात डुकरं अन् रोह्यांसाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र) आहे का? तारेला गवत टेकलं की तिथे ठिणगी उडते आणि साधारण सेकंदासेकंदाला अख्ख्या बँडवर टक् होतं. वॉटरफॉलवर (वेळेबरोबर सरकणाऱ्या स्पेक्ट्रमच्या चित्रावर) सारख्या अंतरानं आडव्या रेघा दिसल्या तर समज, तेच ते. तुझ्या नेटवर्ककडे मॉड्युलेशनचे 11 खण आहेत, 'यातलं काहीच नाही' असा खणच नाही. टक्क्यांची बेरीज त्याला 100 करावीच लागते, मग टाकतं कशात तरी. झटका मशीन आणि मोटारपंप चालू असताना रिकाम्या फ्रिक्वेन्सीचं रेकॉर्डिंग कर, त्याचा बारावा खण कर आणि नेटवर्क पुन्हा शिकव. आणि वावराच्या मालकाला तारेखालचं गवत कापायला सांग; त्याचा झटकाही जोरात बसेल.