मीटर कपाटात आणि तीनशे व्होल्ट टेबलावर

प्रश्न : माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेतून पास झाला. भौतिकशास्त्रात ६१, गणितात ५४. अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत फारसं काही जमलं नाही. दीड वर्षापूर्वी एक रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद होत होता. तिथून त्याने बारा चॅनेलचा जुना मिक्सर, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) एक लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं यंत्र, आणि रिळांचं टेप मशीन उचलून आणलं. तेव्हापासून अभ्यासातलं लक्ष उडालं. मिक्सरमधले साठ-सत्तर कॅपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) त्याने बदलले, तरी हमिंग येतंच, शिवाय आधी चालणारी दोन चॅनेल बंद पडली. यावरूनच त्याची कुवत कळते. शिक्षा म्हणून मी त्याचा मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप कपाटात कुलूपबंद केलाय. पण आम्ही झोपल्यावर तो दार लावून काम करतोच. आता तर लिमिटर उघडून बसलाय. 'मला हेच करायचंय' म्हणतो. एक वर्ष गॅप घेऊन त्याला पुन्हा परीक्षेला बसवावं असा माझा विचार आहे. तो तुमचं सदर वाचतो. त्याला चार खडे बोल सुनवा.
— एक वडील

उत्तर : नमस्कार. गुण, गॅप, प्रवेश यांचं नंतर बघू. आधी आजच्या आज तो मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप (स्कोप) कपाटातून काढा आणि मुलाच्या हातात द्या.

शिक्षा म्हणून तुम्ही नेमकं काय केलंत ते पाहा. यंत्रं त्याच्या खोलीतच राहू दिलीत आणि त्यांच्यात वीज आहे की नाही हे सांगणारी वस्तू तेवढी काढून घेतलीत. व्हॉल्व्हच्या यंत्रात प्लेटला, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या पॉझिटिव्ह टोकाला, साधारण २५० ते ३५० व्होल्ट डीसी लागतो. प्लग काढला तरी तो पॉवर सप्लायच्या कॅपॅसिटरमध्ये साठून राहतो. त्याला वाट करून देणारा ब्लीडर रेझिस्टर मुळातच नसेल, किंवा इतक्या वर्षांत जळून गेला असेल, तर बराच वेळ राहतो. ४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ३५० व्होल्टला भरलेला असेल तर त्यात जवळपास तीन ज्यूल ऊर्जा असते. एक हात चॅसीवर, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्यावर, टेकलेला आणि दुसऱ्या हाताचं बोट नेमकं त्या टोकावर गेलं, तर करंटचा रस्ता छातीतून जातो. दार लावलेलं, घर झोपलेलं आणि हाताशी मीटर नाही. मुलगा वाया जाईल ही तुमची भीती. तुमचं पत्र वाचून मला जी भीती वाटली ती निराळी आहे.

तुमची बंदी पाळली जात नाही, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे काम थांबलेलं नाहीच, ते बघणारं माणूस तेवढं उरलेलं नाही. तेव्हा बंदी उठवा आणि तिच्या जागी अटी घाला. काम दिवसा, दार उघडं, घरात दुसरं कोणीतरी जागं. त्या माणसाला इलेक्ट्रॉनिक्स कळायला हवं असं नाही. मेन स्विच कुठे आहे आणि शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी वीज तोडायची, एवढं माहीत असलं की झालं. टेबलाच्या प्लगला आरसीडी, म्हणजे गळती पकडणारा ब्रेकर, बसवून घ्या. मात्र ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या ३०० व्होल्टपासून तो वाचवत नाही. त्यामुळे 'ब्रेकर बसवलाय, आता बिनधास्त' असं कोणीच समजू नये, तुम्हीही नाही आणि त्यानेही नाही.

आता कुवतीबद्दल. साठ-सत्तर कॅपॅसिटर बदलूनही मिक्सर धड नाही, म्हणून पोरात दम नाही, हा तुमचा निष्कर्ष घाईचा आहे. त्याने चूक केली हे खरं. पण ती या कामातली सगळ्यात पसरलेली समजूत आहे: जुनं यंत्र आलं की डोळे मिटून सगळे कॅपॅसिटर बदला, यंत्र नव्यासारखं होतं. तसं होत नाही. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आतला द्रव सुकून मरतो आणि सुकण्याचा वेग उष्णतेवर ठरतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना २,००० तासांचा कॅपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तासांच्या घरात जातो. म्हणजे मरतात ते आधी पॉवर सप्लायमधले, रेग्युलेटरच्या हीटसिंकला चिकटलेले, गरम ट्रान्झिस्टरच्या शेजारचे. चॅनेलच्या थंड कोपऱ्यात बसलेला कॅपॅसिटर पन्नास वर्षांनीही ठणठणीत निघू शकतो. तो काढायचा म्हणजे दोन जोड उकलायचे आणि जुन्या एकपदरी पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) दोन पॅड, म्हणजे तांब्याचे ठिपके, उखडण्याचा धोका पत्करायचा. टँटलमच्या, थेंबाच्या आकाराच्या कॅपॅसिटरांचं दुखणं वेगळं. ते सुकत नाहीत, शॉर्ट होतात, आणि सप्लायच्या लाइनवरचा एक जरी गेला तरी सगळ्या चॅनेलचा व्होल्टेज खाली ओढतो. पॉलिस्टायरीनच्या (प्लॅस्टिकच्या) कॅपॅसिटरांचा तर सुकण्याचा प्रश्नच नाही. त्यांना मारतो तो जवळून गेलेला गरम सोल्डरिंग आयर्न. तेव्हा कोणता बदलायचा हे जागा, ईएसआर मीटर (कॅपॅसिटरचा आतला विरोध मोजणारा) आणि रिपल (सप्लायच्या डीसीवर उरलेली लहर) बघून ठरतं, वयावरून ठरत नाही.

इथून पुढचं मुलासाठी. तुझ्या बाबांना वाटतं तेवढा तू कच्चा नाहीस, आणि तुला वाटतं तेवढा पक्काही नाहीस. चालणारी दोन चॅनेल तू बंद पाडलीस. गिऱ्हाइकाचं यंत्र असतं तर ती दुरुस्ती तुझ्या पदरच्या पैशाने करावी लागली असती. कॅपॅसिटर काढण्याआधी सप्लायचे व्होल्टेज, रिपल, प्रत्येक चॅनेलची आउटपुट लेव्हल लिहून ठेवली होतीस का? ठेवली असतीस तर पत्रात 'हमिंग येतंच' एवढं मोघम वाक्य आलं नसतं.

हमिंगची फ्रिक्वेन्सी आधी स्कोपवर बघ. मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, दुप्पट असेल तर तो रेक्टिफायरनंतरचा (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतरचा) रिपल, म्हणजे सप्लाय पुरता गाळला जात नाही. मेन्सच्या मूळ फ्रिक्वेन्सीची असेल तर ग्राउंड नाही तर ट्रान्सफॉर्मरची जवळीक. आता मला ज्याची दाट शंका आहे ते सांगतो. जुन्या सप्लायमधले मोठे डबा-कॅपॅसिटर तीन-चार पायांचे असतात. त्यातले बाहेरचे सगळे पाय डब्याला, म्हणजे निगेटिव्हला जोडलेले असतात आणि बोर्डावरचे वेगवेगळे ग्राउंड ट्रॅक त्या डब्यातूनच एकमेकांना मिळतात. तू तिथे दोन पायांचा नवा कॅपॅसिटर बसवला असशील तर एक ग्राउंड ट्रॅक अधांतरी राहिला असणार. यंत्र बंद ठेवून, प्लग काढून, मीटरच्या कंटिन्युइटीने (जोड सलग आहे का ते) बघ आणि जिथे तुटलंय तिथे जाड तारेचा जंपर टाक. १,००० मायक्रोफॅरडच्या जागी 'जास्त ते चांगलं' म्हणून ४,७०० टाकला असशील तर तोही काढ. यंत्र सुरू करताना रेक्टिफायरला बसणारा झटका त्याने वाढतो.

बंद चॅनेलसाठी अंदाज लावत बसू नकोस. तुझ्याकडे दहा चांगली चॅनेल आहेत, म्हणजे दहा नमुने समोर आहेत. चांगल्या आणि बंद अशा दोन्ही चॅनेलला १ किलोहर्ट्झचा टोन लाइन इनपुटला दे, +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट. मग मधोमध, इन्सर्टपाशी (चॅनेलमध्ये बाहेरचं यंत्र जोडायच्या सॉकेटपाशी), दोन्हीकडे मोज. तिथपर्यंत सिग्नल असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग कर. चार-पाच मोजण्यांत तू एका ट्रान्झिस्टरच्या किंवा एका पॅडच्या आसपास येतोस. तिथे तीन गोष्टी तपास: पॅडपासून ट्रॅक सुटलाय का, कॅपॅसिटर उलटा बसलाय का (बोर्डावर छापलेल्या खुणेवर भिस्त ठेवू नकोस, चांगल्या चॅनेलमध्ये त्या दोन टोकांवर कुठे व्होल्टेज जास्त आहे ते मोज), आणि ट्रान्झिस्टर बदलला असशील तर त्याचे पाय. बीसी १८४ आणि बीसी १८४ एल यांत फरक एका अक्षराचा, पण पायांचा क्रम वेगळा. पुढच्या वेळी काढताना सुट्या भागाचे पाय आधी कापून टाक, जोडावर थोडं ताजं सोल्डर दे आणि एकेक पाय वेगळा काढ. भाग जुना आहे, तो वाचवायचा नाही. वाचवायचा आहे तो बोर्ड.

लिमिटर तूर्तास बंद करून ठेव. मिक्सरची बाराही चॅनेल चालेपर्यंत त्याला हात लावू नकोस. पुढे उघडशील तेव्हा: प्लग काढायचा, १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिपच्या तारा. एक क्लिप चॅसीला लावायची, मग दुसरा हात पाठीमागे ठेवून दुसरी क्लिप कॅपॅसिटरच्या पॉझिटिव्ह टोकाला. ४७ मायक्रोफॅरड तीन सेकंदांत उतरतो, तू दहा मोज. नंतर मीटर. सप्लायमध्ये असे तीन-चार कॅपॅसिटर ओळीने असतात, प्रत्येकाला असाच वेगळा रेझिस्टर लावायचा. काम संपेपर्यंत क्लिप काढू नकोस, कारण इलेक्ट्रोलिटिक रिकामा केल्यावरही आपोआप थोडा व्होल्टेज परत धरतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणाऱ्यांचं अनुकरण नको.

आणि लिमिटर ऑप्टिकल (प्रकाशावर चालणाऱ्या) प्रकारचा असेल, एलए-२ए या जुन्या लिमिटरच्या वळणाचा, तर त्यात कॅपॅसिटर बदलून न सुटणारा एक भाग असतो: प्रकाशणारी पट्टी आणि तिच्यासमोरचा फोटोरेझिस्टर. वर्षांनुवर्षं वापरून पट्टी मंदावते आणि लिमिटर आवाज दाबेनासा होतो. तो भाग सहसा अख्खाच बदलावा लागतो.

पुन्हा वडिलांकडे वळतो. हे काम म्हणजे रेडिओ दुरुस्तीचं दुकान, असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटलं. जुनी व्यावसायिक ध्वनियंत्रं स्टुडिओ अजून वापरतात, आणि हौसेने नाही, रोजच्या कामासाठी. १९७० च्या आसपासचे प्रीअँप (मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवणारे) आणि १९४९ मध्ये आलेला न्यूमनचा यू ४७ मायक्रोफोन आजही रेकॉर्डिंगला लागतात. त्या मायक्रोफोनमधला व्हीएफ १४ व्हॉल्व्ह बनणं केव्हाच थांबलंय, त्यामुळे जे आहेत ते सांभाळणारा माणूस लागतो. दुसरं क्षेत्र संग्रहालयं, नभोवाणी आणि संगीताच्या संग्रहांचं. तिथे टेप डिजिटल करायच्या असतात आणि टेप मशीन नीट असल्याशिवाय ते होत नाही. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या कित्येक टेपचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय थर धरून ठेवणारा पदार्थ, दमट हवेने चिकट होतो. त्या ५० ते ५५ अंशांवर काही तास नियंत्रित उष्णतेत ठेवल्यावर तात्पुरत्या वाजतात, तेवढ्यात उतरवून घ्याव्या लागतात. त्याहून जुन्या ॲसिटेटच्या टेपला हाच उपाय केला तर ती वाया जाते. हा फरक ओळखणारा आणि हेडचं अॅझिमथ (टेपशी असलेला कोन) स्कोपवर फेज बघून जुळवणारा माणूस संग्रहांना सहज मिळत नाही. तुमच्या घरात आलेलं टेप मशीन म्हणजे त्याची शाळाच आहे. क्रम एवढाच पाळायचा: आधी सफाई आणि डीमॅग्नेटाइझ, मग कॅलिब्रेशन टेपवर प्लेबॅक, त्यानंतरच बायस (रेकॉर्ड करताना मिसळायचा उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल) आणि रेकॉर्ड. रेकॉर्ड केलेलं शेवटी प्लेबॅक हेडमधूनच तपासायचं असतं. तेच चुकलेलं असेल तर रेकॉर्डची जुळणीही त्या चुकीवरच बसते.

पण निव्वळ जुन्या यंत्रांवर पहिली काही वर्षं पोट भरणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. गिऱ्हाइकं मोजकी असतात आणि आपला महागडा मायक्रोफोन ती अनोळखी पोराच्या हाती देत नाहीत. सुरुवात होते ती ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये: अॅक्टिव्ह स्पीकर, पॉवर अँप्लिफायर, डिजिटल मिक्सरचे स्विच-मोड सप्लाय. तिथे एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या बारीक भागांचं, सोल्डरिंग यावं लागतं, आणि 'मला जुनंच आवडतं' असं म्हणून भागत नाही. शोधायला लागलेल्या वेळेचे पैसे मागणं नवशिक्यांना जमत नाही, मग सहा तास शोधून दहा मिनिटांचं बिल करतात. तपासणीचे पैसे आधी सांगायचे, यंत्र घेताना सीरियल नंबरसह फोटो काढायचे, काढलेले भाग पिशवीत घालून परत द्यायचे आणि दुरुस्त यंत्र एक दिवस सलग चालवूनच सोपवायचं. हे त्याने आतापासून, स्वतःच्याच मिक्सरवर, करावं.

गॅप नको. पुन्हा तीच परीक्षा देऊन गुण चार वाढतील आणि मुलगा वर्षभर कपाटाकडे बघत बसेल. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा पदवी, या गुणांवर जिथे मिळेल तिथे प्रवेश घ्या. कॉलेजचं नाव बघण्याआधी तिथली प्रयोगशाळा तासांनंतर उघडी असते का, ते विचारा. गणितातले ५४ मात्र मला खटकतात. या कामात डेसिबल म्हणजे लॉगॅरिदम, इक्वलायझर म्हणजे इम्पीडन्स, फेज म्हणजे संमिश्र संख्या. पुस्तकातून अडत असेल तर त्याला मिक्सरच्या इक्वलायझरचा एकच बँड कागदावर सोडवायला सांगा. रेझिस्टर आणि कॅपॅसिटरच्या मूल्यांवरून फ्रिक्वेन्सी काढायची, मग तीच स्कोपवर मोजायची. जुन्या भागांची मूल्यं थोडी सरकलेली असतात, त्यामुळे दोन्हींत पाच-दहा टक्के फरक येईल. तो का आला, हे त्याला तुम्हाला समजावून सांगता यायला हवं.