कोळशाच्या पैशावर ध्रुवाकडे

प्रश्न : आमच्या वाचनालयातील एका जुन्या अंकात लिंकन एल्सवर्थ यांचे वर्णन ‘धनाढ्य साहसवीर, संशोधक आणि दानशूर’ असे केले आहे. आमचा भाग कोळसा खाणींचा आणि त्यांच्या घरचा पैसाही कोळशाचा, हे कळल्यावर मुलांनी विचारले, की हे खरे संशोधक होते, की मोहिमांचा खर्च उचलणारे नुसते शेठ?
– एक शिक्षक, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मुलांची शंका रास्त आहे, कारण ध्रुवाची वाट एल्सवर्थ यांना पैशानेच मोकळी झाली. त्यांचे वडील जेम्स एल्सवर्थ हे अमेरिकेतील खाणमालक. कर्जबाजारी झालेले नॉर्वेचे संशोधक रोआल्ड अमुंडसेन यांच्या १९२५ च्या उत्तर ध्रुव मोहिमेला त्यांनी ८५ हजार डॉलर दिले आणि पंचेचाळीस वर्षांचा मुलगाही त्या मोहिमेत गेला.

पुढचे मात्र पैशाने होण्यासारखे नव्हते. पाण्यावर उतरणारी दोन विमाने २१ मे रोजी नॉर्वेच्या उत्तरेकडील स्पिट्सबर्गन बेटाहून निघाली आणि ८८ अंश अक्षांशाच्या किंचित अलीकडे हिमसागरात उतरली. त्यांतले एक निकामी झाले. उरलेल्या एकातून सहा जणांना परतायचे, तर बर्फावर धावपट्टी हवी. आपल्याकडे मृगाची वाट पाहत वखरणी चालते त्या दिवसांत ही माणसे लाकडी फावडी, कुऱ्हाड आणि काठ्यांना बांधलेले सुरे घेऊन शेकडो टन बर्फ हलवत होती, तेही दिवसाला जेमतेम पावशेर अन्नावर. पातळ बर्फ फुटून दोघे सोबती पाण्यात गेले, तेव्हा त्यांना ओढून काढणारे एल्सवर्थच होते. १५ जूनला सहाही जण सुटले. वडील मात्र त्याच महिन्यात, मुलाचा ठावठिकाणा कळण्याआधीच वारले होते.

‘दानशूर’ हे विशेषण मला वडिलांनाच अधिक शोभते असे वाटते; ओहायोतील हडसन या आपल्या गावची बंद पडलेली शाळा त्यांनी १९१६ मध्ये पुन्हा सुरू करून दिली. मुलाचा पैसा मुख्यतः स्वतःच्या मोहिमांवर गेला. १९२६ मध्ये ते ‘नॉर्गे’ या वायूने भरलेल्या, फुग्यासारख्या तरंगणाऱ्या हवाई जहाजातून उत्तर ध्रुवावरून गेले. पुढे नोव्हेंबर १९३५ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, वैमानिक हॉलिक-केन्यन यांच्यासह त्यांनी अंटार्क्टिका आडवा ओलांडला. मुक्कामाला सुमारे २५ किलोमीटर उरले असताना इंधन संपले. मग दोघे पायी निघाले आणि बर्फाखाली गाडल्या गेलेल्या एका ओसाड तळावर जानेवारीत जहाज येईपर्यंत राहिले. त्या उड्डाणात दिसलेल्या भूभागाला त्यांनी वडिलांचे नाव दिले; नकाशावर आज तो ‘एल्सवर्थ लँड’ म्हणून सापडेल.